मुलाखतीचा सदरा आणि कारागिराचा हात

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हणही त्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. या दोन म्हणींचे एकमेकींशी उघड भांडण आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते भांडण जेथे प्रत्यक्ष उभे राहते, अशी एक जागा म्हणजे नोकरीची मुलाखत; आणि त्यातही, ज्या नोकरीत जिभेपेक्षा हात अधिक चालावा लागतो, अशा कारागिराच्या नोकरीची मुलाखत.

कारकुनाने, विक्रेत्याने किंवा अधिकाऱ्याने मुलाखतीला कसे जावे, यावर पुष्कळ बोलले जाते. परंतु फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या मुलाखतीविषयी कोणी फारसे बोलत नाही. वास्तविक हा विषय आपल्या घरचा आहे. अंधेरी, कांदिवली, बोरीवली, मुलुंड येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. ज्यांना आपण सारे 'आयटीआय' म्हणतो, त्या या संस्थांतून दरवर्षी मुले आणि मुली प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. कोणी कांदिवलीच्या ट्रॅक्टर कारखान्याच्या दारी जातो, कोणी डहाणू लोकल धरून बोईसरला उतरतो, कोणी येथेच औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गाळ्यात काम शोधतो. बोरीवलीच्या सभागृहात वसंतातल्या संध्याकाळी जमणाऱ्या श्रोतृवर्गात या मुलांचे आईवडील असतात, निवृत्त फोरमन असतात, आणि चार माणसे कामाला ठेवणारे लहान कारखानदारही असतात. म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसे येथे शेजारी शेजारी बसलेली असतात. म्हणून हे विवेचन दोघांनाही उद्देशून आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. उमेदवाराने आपला पोशाख असा ठेवावा, की परीक्षकाची नजर त्यावर न अडकता त्याच्या हाताकडे जावी. आणि परीक्षकाने आपल्या पहिल्या नजरेला निकाल समजू नये; उमेदवाराच्या हातात काम द्यावे आणि मगच मत बनवावे. बाकी सारे या दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे.

आमची एक चूक

हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून प्रथम मिळाले नाही, ते एका चुकीतून मिळाले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात फिटरची एक जागा भरायची होती आणि निवड करणाऱ्या मंडळींत आम्हीही होतो. जुलै महिना होता. सकाळपासून पाऊस धरलेला होता. शेवटी दोन उमेदवार उरले. पहिल्याचा सदरा इस्त्रीचा, पायांत काळे बूट, प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावलेली. दुसरा भिजून आलेला. पायांत चपला, कागद घडी घालून खिशात ठेवलेले, आणि नखांच्या कडांना काळी रेघ. तो रात्रपाळी करून तसाच आला होता, हे आम्हांस पुढे कळले. त्या वेळी आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

दोघांना लोखंडी पट्टीचे दोन दोन तुकडे दिले. एका तुकड्यात चौकोनी खाच काढायची आणि दुसऱ्याची चौकोनी जीभ तीत नेमकी बसवायची, हा फिटरच्या परीक्षेचा नेहमीचा जॉब. आम्ही मधून मधून फेरी मारीत होतो. पहिल्याच्या हातून कानस एकदा घसरली, तेव्हा आमच्यातील एक जण म्हणाला, "बावरला असेल बिचारा." दुसरा कानस थांबवून तारेच्या ब्रशाने तिचे दाते साफ करीत होता, तेव्हा तेच गृहस्थ म्हणाले, "हा वेळ काढतो आहे." कोणीही त्यांना विरोध केला नाही, आम्हीही नाही. वस्तुतः कानशीच्या दात्यांत अडकलेला कीस काढला नाही, तर घासलेल्या पृष्ठावर ओरखडे उमटतात. तेव्हा तो मुलगा वेळ काढीत नव्हता, नीट काम करीत होता. संध्याकाळी आम्ही पहिल्या मुलाचे नाव कायम केले आणि त्याला तसे कळविले.

दुसऱ्या दिवशी त्या विभागाच्या वृद्ध फोरमननी दोन्ही जॉब आमच्यापुढे ठेवले. नाव कोठेच नव्हते. पाठीमागे पंचाने ठोकलेले आकडे तेवढे होते, आणि तेही खाली दडविलेले. ते म्हणाले, "आता निवडा." आम्ही गुण्या लावून पाहिला, जोड उजेडासमोर धरला. एका जोडातून उजेडाची बारीक फट दिसत होती; दुसऱ्यातून काही दिसत नव्हते. सर्वांनी बिनफटीचा जोड उचलला. तो उलटा केला, तेव्हा आकडा निघाला दुसऱ्या मुलाचा.

त्याला पुन्हा बोलावणे पाठविले, परंतु तोवर त्याने दुसरीकडे काम धरले होते. ज्याला घेतले तो मुलगाही वाईट नव्हता. वर्षभरात तो चांगला तयार झाला. तेव्हा कारखान्याचे फार बिघडले असे म्हणता येत नाही. पण त्या दुसऱ्या मुलाचे काय बिघडले, हे जाणण्याचा मार्गच आम्हांस उरला नाही, आणि ती रुखरुख अजून आहे. एक गोष्ट मात्र येथेच नोंदविली पाहिजे. यंत्रशाळेत चपला घालून येणे ही त्याची खरी चूक होती. पायावर लोखंडाचा तुकडा पडला, तर चप्पल बोटे वाचवीत नाही. परंतु त्या एका चुकीसाठी आम्ही त्याची कानसही वाकडी ठरविली, ही आमची चूक.

पहिली नजर काय करते

असे का होते? एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण दिले होते. थॉर्नडाइकच्या असे ध्यानात आले, की हे गुण एकमेकांशी जुळतात, आणि जुळावेत त्यापेक्षा फारच जास्त जुळतात. ज्याची शरीरयष्टी उत्तम, त्याची बुद्धीही उत्तम आणि चारित्र्यही उत्तम! माणसे असे सरसकट नसतात. पाहणाराच एका गुणाचा उजेड बाकीच्या गुणांवर पाडीत होता. देवांच्या चित्रांत मस्तकाभोवती जे तेजोवलय काढतात, त्यावरून इंग्रजीत या दोषाला नाव मिळाले. आपण त्याला वलय-दोष म्हणू. कारखान्यात आम्ही पहिल्या मुलाभोवती असेच वलय काढले, आणि दुसऱ्याभोवती काळी सावली.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा. प्रिन्स्टन विद्यापीठातील जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांची चित्रे दाखविली आणि हा मनुष्य विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असे प्रश्न विचारले. काहींना चित्र सेकंदाचा केवळ दहावा भाग दिसले. त्यांनी दिलेली उत्तरे, हवा तितका वेळ घेऊन पाहणाऱ्यांच्या उत्तरांशी मोठ्या प्रमाणात जुळली. अधिक वेळ दिल्यावर मत फारसे बदलले नाही. त्या मतावरचा विश्वास मात्र वाढला. मुलाखत घेणाऱ्याने हे वाक्य मनाशी कोरून ठेवावे. आपण दहा मिनिटे बोललो म्हणून आपले मत दहा मिनिटांच्या विचाराचे असते, असे नाही; पुष्कळदा ते दारातच झालेले असते आणि उरलेली मिनिटे त्याची वकिली करण्यात जातात.

फाटकापासून फळ्यापर्यंत

पाहून माणूस निवडण्याची ही रीत मुंबईला नवीन नाही. या शहराची वाढ कापडगिरण्यांनी केली, आणि गिरणीत माणूस घेण्याचे काम पुष्कळ काळ जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते. सकाळी फाटकाशी बदली कामगार जमत आणि कोणाला आत घ्यायचे हे मुकादमाच्या बोटावर ठरे. त्याची ओळख, त्याचे गाव, त्याला दिलेली दस्तुरी या गोष्टी हाताच्या कसबाआधी मोजल्या जात. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर आणि तीतील लाचखोरीवर बोट ठेवले. पुढे १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांतूनच माणसे घेण्याची योजना सुरू झाली.

त्यानंतर वाट हळूहळू रुंद होत गेली. १९४५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्र सरकारात मजूरमंत्री असताना, सेवायोजन कार्यालयांची देशव्यापी व्यवस्था उभी राहू लागली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय वाढल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. फिटरचा दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा असे अभ्यासक्रम ठरले आणि अखेरीस परीक्षा आली. ओळखीच्या जागी प्रमाणपत्र आले, ही लहान क्रांती नव्हे.

आणखी एक पाऊल अलीकडे पडले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या खालच्या, अराजपत्रित पदांसाठी तोंडी मुलाखत बंद करण्यात आली; मात्र कौशल्याची प्रत्यक्ष परीक्षा घेण्यास मोकळीक राहिली. म्हणजे रेल्वेच्या कार्यशाळेत तंत्रज्ञाची जागा मिळविणाऱ्या मुलाने कोणता सदरा घातला आहे, हे आता निवडीच्या वेळी कोणी विचारीत नाही. मुलाखतीत वशिला शिरतो, हे सरकारने एका अर्थी मान्यच केले.

परंतु खाजगी कारखान्यात, लहान वर्कशॉपमध्ये, वातानुकूलन यंत्रे किंवा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांत आणि कंत्राटदाराच्या माणसापुढे मुलाखत अजून आहे. कित्येक ठिकाणी ती चार मिनिटांची असते. तेथे उमेदवाराला जुन्या गिरणीच्या फाटकासारखेच एका नजरेपुढे उभे राहावे लागते. ती नजर न्यायी असेलच असे नाही. पण तिच्यापुढे उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा तिची तयारी करणे, यात कमीपणा कसला?

कारागिराचा पोशाख कसा असावा

पहिला नियम असा, की कोट आणि टाय यांच्यासाठी कर्ज काढू नये. कारागिराच्या मुलाखतीत टाय हे सभ्यतेचे चिन्ह तर नाहीच. लेथपुढे उभे केल्यास ते अज्ञानाचे चिन्ह ठरते. फिरत्या यंत्राला लोंबते वस्त्र सहन होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात असे म्हटले होते, की चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी, तेलपाणी किंवा जुळवणी करावयाची झाल्यास ती खास शिकविलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगाबरोबर बसणारे घट्ट कपडे घालून करावी. आणि हे कपडे कारखानदाराने पुरवावेत. कायद्याला जेथे कपड्याचा विचार करावा लागला, तेथे तो ऐटीसाठी केलेला नव्हता; माणसाचा हात शाबूत राहावा म्हणून केला होता. कारागिराच्या पोशाखाचे सारे शास्त्र या एका कलमात आले आहे.

यावरून धंद्याधंद्याचा पोशाख आपोआप ठरतो. टर्नरने आणि मशिनिस्टने सैल बाह्या, गळ्यातील साखळी, मनगटातील कडे, अंगठी आणि लोंबता गंडादोरा यांपासून जपावे. केस लांब असतील तर ते बांधून टोपीखाली घ्यावेत. लेथवर हातमोजे घालणे सुरक्षित वाटते, पण तेही धोक्याचे. मोजा फिरत्या तुकड्यात अडकला, तर हाताला आत ओढतो. लेथवर हातमोजे मागणाऱ्या उमेदवाराला अनुभव किती, हे जाणता परीक्षक तेथेच ओळखतो.

वेल्डरने सुती कपडे घालावेत. कृत्रिम धाग्याच्या सदऱ्यावर ठिणगी पडली, तर कापड वितळून कातडीला चिकटते. पॅंटची खालची घडीही दुमडलेली नसावी, कारण ठिणग्या त्या दुमडीत जाऊन बसतात. इलेक्ट्रिशियनने अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ घरी ठेवावे. सर्वांनीच पुढून बंद असे बूट घालावेत. ते नवे नसले तरी चालतात. पुसलेले असावेत, आणि त्यांची नाडी बांधलेली असावी.

एवढे केल्यावर मुलाखतीचा पोशाख असा उरतो: अंगाबरोबर बसणारा, धुतलेला, इस्त्रीचा सुती सदरा, साधी पॅंट, पट्टा आणि बंद बूट. बहुतेक घरांत हे असते. नसल्यास भावाचे किंवा मित्राचे मागून आणता येते. दाढी केलेली किंवा नीट राखलेली असावी आणि नखे कापलेली असावीत. नखांच्या कडेला मुरलेला लोखंडाचा काळेपणा एका अंघोळीत जात नाही, आणि तो लाजिरवाणाही नाही. कामाचा तो शिक्काच आहे. मात्र वाढलेल्या नखांतील मळ आणि कातडीत मुरलेले काम यांतला फरक परीक्षकाला दिसावा, एवढी काळजी घ्यावी. तंबाखू, गुटखा तोंडात असता कामा नये. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे; तरी त्याचा वास मुलाखतीच्या खोलीत आजही येतो, आणि तो आल्यावर बाकीचे ऐकण्याचे कोणाच्या मनात राहत नाही.

आता बोरीवलीकरांसाठी एक खास सूचना. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये शिरलेला इस्त्रीचा सदरा दुसऱ्या टोकाला त्याच अवस्थेत उतरेल, असे येथला कोणी रहिवासी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. म्हणून सदरा घडी करून पिशवीत न्यावा आणि कारखान्याजवळ पोचल्यावर बदलावा. पावसाळ्यात प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. जमल्यास आदल्या दिवशी जाऊन पत्ता पाहून यावा. मुलाखतीला वेळेवर आलेला, कोरडे कागद क्रमाने काढून देणारा मुलगा एक शब्दही न बोलता सांगतो, की हा मनुष्य हत्यारेही जागच्या जागी ठेवील. हा ग्रह अगदीच निराधार नाही, कारण ती सवय खरोखर कामाची आहे.

काही धंद्यांत दिसणे हाच कामाचा एक भाग असतो, हेही सांगितले पाहिजे. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा किंवा लिफ्टचा मेकॅनिक यंत्राशी बोलण्याआधी माणसांशी बोलतो. बोरीवलीच्या उंच इमारतीत दुपारी घरी एकट्या असलेल्या आजीबाई दार उघडतात, तेव्हा त्यांना त्याचे प्रमाणपत्र दिसत नाही. त्याचा चेहरा, ओळखपत्र आणि दारात काढलेले बूट दिसतात. अशा नोकरीसाठी परीक्षकाने नीटनेटकेपणाला गुण दिले, तर तो अन्याय नव्हे. परंतु दिवसभर भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला त्याच मापाने मोजणे, हा मात्र अन्याय होय.

बोलण्याविषयीही थोडे. मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुले इंग्रजीच्या भीतीने गप्प बसतात आणि गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही, असा ग्रह होतो. हत्यारांची आणि मापांची नावे यंत्रशाळेत वापरतात तीच सांगावीत. बाकीचे मराठीत किंवा हिंदीत स्वच्छ सांगावे. मायक्रोमीटरचे सर्वांत लहान माप किती, असे विचारले तर "मिलिमीटरचा शंभरावा भाग" या उत्तराला कोणत्याही भाषेत तेवढेच वजन आहे. येत नसेल तर "हे मला येत नाही, सर, शिकून घेईन" असे म्हणावे. यंत्राजवळ खोटे बोलणारा माणूस कोणत्याही फोरमनला नको असतो.

न दिसणारा पोशाख

येथवर आम्ही उमेदवाराला धुऊन, पुसून, इस्त्री करून टेबलापुढे आणले. परंतु काही खुणा सदऱ्यावर नसतात आणि धुऊन जातही नाहीत. आडनाव, अंगाचा रंग, बोलण्याचा हेल, अर्जावरचा झोपडवस्तीतला पत्ता, मुलगी असणे, या त्या खुणा होत.

या बाबतीत महाडची एक गोष्ट आठवते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. आंबेडकर बोलले. लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची जी रीत पाहताच जात ओळखू यावी अशी होती, ती त्यांनी सोडावी, स्वच्छ राहावे आणि इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हा उपदेश नटण्याचा नव्हता. दुसऱ्याने आपल्या अंगावर लावलेली खूण उतरवून ठेवण्याचा होता. पोशाखाकडे पाहण्याची ही दृष्टी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाने स्वच्छ सदरा घालावा, तो साहेबाला खूश करण्यासाठी नव्हे. "मला माझ्या कामावरून ओळखा" असे न बोलता सांगण्यासाठी घालावा.

तथापि सदरा बदलून सारे बदलत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. वेगळी होती ती केवळ नावे. दलित आणि मुसलमान आडनावांच्या अर्जांना पुढील बोलावणे येण्याचा संभव सवर्ण हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी निघाला. त्या नोकऱ्या शिकलेल्या पदवीधरांच्या होत्या, कारागिरांच्या नव्हत्या. पण ज्यांना कोणी पाहिलेच नाही, त्यांच्याविषयीही 'पहिले मत' होऊ शकते, हे त्यातून दिसले. अशा ठिकाणी उमेदवाराला इस्त्रीचे धडे देणे पुरेसे नाही. टेबलाच्या पलीकडच्या माणसाला धडा हवा.

मुलींचेही असेच. वेल्डिंगच्या किंवा फिटिंगच्या मुलाखतीला आलेल्या मुलीला "लग्न झाल्यावर काय करणार?" हा प्रश्न हमखास विचारला जातो, मुलाला तो कोणी विचारीत नाही. ओढणी, बांगड्या, लांब वेणी यांविषयी यंत्राजवळ सावध राहावे लागते, हे खरे. परंतु तो नियम मुलाच्या साखळीला आणि कड्यालाही तेवढाच लागू आहे. प्रश्न यंत्राचा असेल तर तो दोघांना सारखा विचारावा. यंत्राचा नसेल तर कोणालाच विचारू नये.

परीक्षकाने काय करावे

'हातच्या काकणाला आरसा कशाला?' असे आपण म्हणतो. कारागिराची निवड करणाराइतका भाग्यवान परीक्षक दुसरा नाही, कारण काकण त्याच्या समोरच असते. कवीची परीक्षा एका तासात घेता येत नाही. वेल्डरची घेता येते. त्याला दोन पट्ट्या जोडायला द्याव्यात आणि जोड पाहावा. इलेक्ट्रिशियनला बिघडलेली जोडणी शोधायला द्यावी. सुताराला दोन फळ्यांचा सांधा करायला द्यावा.

१९९८ साली श्मिट आणि हंटर या दोन संशोधकांनी नोकरभरतीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि आखीव मुलाखत यांवरून पुढचे काम कसे होईल याचा अधिक चांगला अंदाज येतो, असे त्यात दिसले. २०२२ साली इतर संशोधकांनी ते आकडे पुन्हा तपासले. जवळजवळ सारेच आकडे खाली आले, परंतु आखीव मुलाखत वरच्या स्थानावर राहिली. आखीव मुलाखत म्हणजे प्रश्न आधी लिहून ठेवणे, प्रत्येकाला तेच आणि त्याच क्रमाने विचारणे, आणि प्रत्येक उत्तराला तेथल्या तेथे वेगळे गुण देणे. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक वही पुरते. दोन कामगारांच्या गाळ्याचा मालकही हे करू शकतो.

त्या वृद्ध फोरमननी आम्हांस जे शिकविले, ते त्याहून सोपे आहे. जॉबवर नाव नको, आकडा असावा. जॉब तपासणाऱ्याने तो करणाऱ्याला पाहिलेले नसावे. आणि तपासून झाल्यावरच आकड्याचे नाव शोधावे. पोशाखाविषयी काही खटकले तर, "आपण बूट का घातले नाहीत?" असे सरळ विचारावे. एखादा रात्रपाळीहून तसाच आलेला असतो. एखाद्याकडे खरोखर बूट नसतात. ज्या कारखान्याने कामगाराला सुरक्षिततेचे बूट द्यावयाचे, त्यानेच बूट नाहीत म्हणून कामगार नाकारावा, यात न्याय तर नाहीच, शहाणपणही नाही.

असो. आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच, की मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलाला उपदेशाची शिदोरी फार देऊ नका. सदरा धुतला आहे ना, नखे कापली आहेत ना, बूट पुसले आहेत ना, आणि हात रोजच्या सवयीत आहे ना, एवढेच पाहा. ज्याला नोकरी मिळाली नाही, त्याला "तू दिसलासच असा" असे म्हणू नका. त्याने केलेला जॉब कसा होता, ते विचारा. आणि ज्यांच्या हाती नोकरी देणे आहे, त्यांनी उद्या दारात भिजलेला, चपला घातलेला एखादा मुलगा उभा राहिला, तर त्याला आत घ्यावे, पुसायला फडके द्यावे, पायांत घालायला कारखान्यातले बूट द्यावेत आणि हातात कानस द्यावी. मग त्याने केलेला जोड उजेडासमोर धरावा. फट दिसली तर नाही म्हणावे. दिसली नाही तर त्याचे नाव विचारावे.